बॉनेटखालची कुरतड: वॅगन आरच्या वायरिंगच्या नोंदी

१९ जुलै २०२५, शनिवार

गाडी वॅगन आर, २०१२ची, एक लिटर पेट्रोल, तीन सिलिंडर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर पावसात बरेच दिवस उभी होती. आज सुरू केली तर इंजिन थडथडतंय, आणि इंजिनचा पिवळा दिवा नुसता पेटलेला नाही, लुकलुकतोय. स्थिर दिवा म्हणजे सवडीने बघा. लुकलुकणारा म्हणजे मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) आत्ता चालू आहे, गाडी बंद करा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळायला लागलं तर तो आतून वितळतो, आणि तो बदलणं महाग पडतं. लगेच बंद केली.

ओबीडीचा (गाडीच्या स्वतःच्या निदान-यंत्रणेचा) ब्लूटूथ डोंगल लावून बिघाडांचे कोड काढले. पी०२०२: दुसऱ्या सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं सर्किट. पी०१३५: एक्झॉस्टमधल्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. पी०११३: आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, व्होल्टेज जास्त. तीन वेगवेगळे भाग एकाच वेळी जळत नाहीत. त्यामुळे भाग ठीक असावेत आणि तिथवर जाणाऱ्या वायरी नसाव्यात, असा अंदाज. लाइव्ह डेटामध्ये हवेचं तापमान उणे ४० दाखवतंय. जुलैच्या पुण्यात! हा सेन्सर थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी रोध देतो; वायरच तुटली की रोध अनंत, आणि ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) मते बाहेर सैबेरिया.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा नंबरच्या पान्याने काढून ठेवलं. आधी निगेटिव्ह, नेहमी. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला की वेल्डिंग बघायला मिळतं.

२० जुलै, रविवार

संशय खरा. इंजिनच्या मागच्या अंगाला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), उंदराचं घरटं: बॉनेटच्या अस्तराचा कापूस, दुधाच्या पिशवीचे तुकडे, शेंगांची टरफलं आणि अर्धी पोळी. पोळीला तूप लावलेलं होतं. मालक घरी नव्हते.

इथे घाई करायची नसते. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, आणि वायरी सोलताना बोटांवर ओरखडे उठतातच. हातमोजे, मास्क, आधी जंतुनाशक फवारून मुरू द्यायचं, मग ओल्या फडक्याने उचलायचं. ब्लोअरने उडवायचं तर मुळीच नाही, कारण मग तीच धूळ नाकात जाते.

नेहमीच्या गॅरेजवाल्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: पूर्ण वायरिंग सेट बदलू. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. पंधरा ठिकाणी जोड देऊन उद्या एक सुटला तर शिव्या त्यालाच बसणार. पण तेरा वर्षांच्या गाडीत नवा इंजिन हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) घालायचा म्हणजे शंभर पिना आणि क्लिपा उचकटायच्या, आणि या वयात त्यातल्या निम्म्या क्लिपा तुटतातच. विम्याचं विचारलंच नाही. नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर आहे, दावा केला की तो शून्यावर येणार. घरीच करू.

२६ जुलै, शनिवार

आज काहीही जोडायचं नाही, फक्त शोधायचं, असं ठरवून उतरलो. डोळ्यांना दिसलेली तुटकी वायर जोडून मोकळं व्हायचा मोह फार होतो. पण उंदीर वायर तोडायला येत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तो कुरतडतो. म्हणजे जिथे तोडलंय त्याच्या आजूबाजूला नुसतं सोललेलंही असणार, आणि नुसतं सोललेलं अधिक वाईट. तुटलेली वायर स्कॅनरवर कोड देऊन ओरडते. सोललेली गप्प बसते, आणि एखाद्या ओल्या सकाळी शेजारच्या वायरला चिकटते. सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा बरेचदा वाटून दिलेला असतो. ती एक वायर अर्थला (गाडीच्या पत्र्याला) टेकली की चांगले-वाईट सगळेच सेन्सर एकदम खोटं बोलायला लागतात.

हार्नेसवरची जुनी टेप फायरवॉलपासून इंजेक्टरांपर्यंत पूर्ण सोडली. प्रत्येक जखमेला कागदी टेपचं लेबल आणि नंबर. वहीत तिन्ही इंजेक्टर, सेन्सर आणि पंखा यांचं ओबडधोबड चित्र, त्यावर तेच नंबर. फोटो काढलेतच, पण फोटोत काळ्या वायरींचा नुसता गुंता दिसतो; कामाला वहीच येते.

इंजेक्टर (बॅटरी तेवढ्यापुरती जोडून) कसा तपासला ते लिहून ठेवतो. कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) दोन पिना. किल्ली ऑन केली की एकीवर बॅटरीचं व्होल्टेज सतत हवं. दुसरी ईसीयूकडे जाते. ईसीयू तिला क्षणभर अर्थ देतो तेव्हा इंजेक्टर उघडतो. दुसऱ्या नंबरच्या कपलरवर पुरवठा १२.१ व्होल्ट, म्हणजे ती बाजू शाबूत. मग बायकोला स्टार्टर मारायला सांगून तिथे एलईडीचा टेस्ट लॅम्प लावला: पहिल्यावर लुकलुक, तिसऱ्यावर लुकलुक, दुसऱ्यावर अंधार. ईसीयूकडची वायर गेली. इंजेक्टरांचा स्वतःचा रोध मोजला तर तिन्ही १३ ओहमच्या आसपास, आणि तिन्ही एकसारखे हे जास्त महत्त्वाचं. इंजेक्टर निर्दोष सुटले.

(मीटरची जाड सळई कपलरच्या पिनेत पुढून खुपसायची नाही. पिनेचा जबडा फाकतो आणि पुढे आयुष्यभर तो कपलर सैल लागतो. शिवणकामाची टाचणी मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने सरकवायची आणि टाचणीवर सळई टेकवायची.)

ऑक्सिजन सेन्सरला चार वायरी: दोन हीटरच्या, एक सिग्नल, एक सिग्नलचा अर्थ. हीटरचा रोध साडेपाच ओहम, म्हणजे हीटर जिवंत. पुरवठ्याची वायर कपलरच्या अलीकडे, हार्नेसच्या बाजूला कुरतडली आहे. हे नशीब. सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीत कापली असती तर जास्त जपावं लागलं असतं, कारण असे अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्याच वायरींच्या तारांमधल्या पोकळीतून आत ओढतात. तिथे सोल्डर वितळून आत शिरलं किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा गेला तर वायर जुळते आणि सेन्सर घुसमटतो.

हिशेब: इंजेक्टरची एक, हीटरची एक आणि हवेच्या तापमान सेन्सरच्या दोन्ही वायरी पूर्ण तुटल्या आहेत. सोललेल्या, पण तांबं शाबूत, अशा बऱ्याच. आणि रेडिएटरच्या पंख्याची जाड वायर: वरून दोन दातांच्या खुणा फक्त, पण खुणेपाशी दाबलं तर आत पोकळ लागतं. हिच्यावर मला भरवसा नाही.

२७ जुलै, रविवार

जुन्या बाजारात गेलो. कुठल्या तरी भंगारात निघालेल्या गाडीच्या हार्नेसचा हातभर जुडगा उचलला, कारण मला हव्या त्या रंगांच्या आणि जाडीच्या वायरी एकाच ठिकाणी मिळाल्या. रंग जुळवणं ही हौस नाही. पाच वर्षांनी दुसरा कोणी बॉनेट उघडेल, तेव्हा त्याला पिवळ्या वायरीची मधेच निळी झालेली दिसायला नको.

घरच्या फिटिंगची उरलेली वायर का नाही, असं शेजारी विचारत होते. तिचं इन्सुलेशन साधारण ७० अंशांपर्यंतचं, जाड, आणि तारा त्या मानाने मोजक्या व जाडसर. गाडीची वायर पातळ सालीची, १०५ अंश सोसणारी आणि बारीक तारांची असते. इंजिनच्या मागे उन्हाळ्यात ७० अंश सहज होतात.

बाकी सामान तपकीर गल्लीतून शनिवारीच आणलं होतं: आत गोंद असलेली हीट श्रिंक (ही नळी गरम झाली की आवळते, गोंद वितळून कडांतून बाहेर येतो, पाणी आत जात नाही), साधे तांब्याचे जोड-नळे, वायरिंगची कापडी टेप, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, चिरलेला कोरुगेटेड पाईप. काळी पीव्हीसी टेप घेतली नाही. एप्रिल-मेमध्ये तिचा गोंद पाझरतो आणि टेप जागेवरून सरकते. पूर्वी कोणीतरी मारलेली तीच टेप सोडताना कालपासून बोटं चिकट झाली आहेत.

क्रिंपर (जोड-नळा वायरीवर दाबून बसवायचं हत्यार) मात्र बरा घेतला. सगळ्या यादीत पैसे तिथेच खर्च करावेत. पकडीने चेपलेला जोड म्हणजे जोड नव्हे.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज चिरायचं, कापायचं नाही, हा आईचा नियम. वायर कापणं त्यात बसतं का यावर चर्चा झाली. बसतं असं ठरलं. तसंही उंदरांचा खरा बंदोबस्त ज्याच्या हाती आहे त्याचीच आज पूजा, त्याला दुखवू नये.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून उघडीप. जोड दिले.

सोल्डर की क्रिंप, हा वाद कुठल्याही वायरिंगवाल्यांच्या कट्ट्यावर काढा, संध्याकाळ निघून जाते. शेजारचे काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले, इलेक्ट्रिशियन. त्यांचं मत ठाम: “डाग दिलास की सोल्डर तारांमध्ये वर चढतं. जिथवर चढलं तिथवर वायर कडक, पुढे मऊ. गाडी हलते, आणि वायर बरोब्बर त्या सीमेवर तुटते.” मी म्हटलं, “काका, पण क्रिंपमध्ये पाणी शिरून कळंक चढतो.” “म्हणून तर गोंदाची नळी आणलीस ना?” मुद्दा त्यांचा. टेबलावर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरला सोल्डर उत्तम. थरथरणाऱ्या इंजिनावर क्रिंप, वर गोंदाची हीट श्रिंक, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना आधार. सोल्डर करणारेही आधार नीट देतात तेव्हा त्यांचे जोड टिकतात, हे मान्य. पण फायरवॉलच्या सांदीत तापलेला सोल्डरिंग आयर्न घेऊन वाकायची मला हौस नाही.

कापताना एक पथ्य: कुरतडलेल्या टोकापासून मागे कापत जायचं, तांबं लालसर चमकदार दिसेपर्यंत. काळपट किंवा हिरवट तारांवर केलेला क्रिंप म्हणजे मळावर मारलेला क्रिंप. हवेच्या सेन्सरच्या वायरी लगेच स्वच्छ निघाल्या. इंजेक्टरची जवळजवळ चार बोटं मागे जावं लागलं. पाणी सालीच्या आतून तारांमधल्या फटींतून चढत जातं, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून मधे तुकडा घालावा लागतो आणि प्रत्येक वायरीला एकाऐवजी दोन जोड येतात. ताणून एकाच जोडात भागवायचं नाही. इंजिन झटका देतं तेव्हा वायरीला ढील हवी.

क्रम असा ठेवला: हीट श्रिंक आधी ओवायची, सात-आठ मिलिमीटर सोलायचं (तारा न तुटतील अशा बेताने), नळ्यात दोन्ही बाजूंनी घालून दोन वेळा दाबायचं, मग ओढून बघायचं. हलकं नाही, खरं ओढायचं. सुटायचा असेल तर आत्ता सुटू दे. मग हीट गनने मधून कडेकडे, दोन्ही टोकांना गोंदाची कड दिसेपर्यंत. लायटरने करणारे लोक पाहिलेत. एका बाजूला करपतं, दुसऱ्या बाजूला सैल राहतं.

जोड एकाशेजारी एक आणले नाहीत. प्रत्येक वायरीचा जोड पुढच्या वायरीच्या जोडापासून दोन-तीन बोटं सरकवला. जुडगा एका जागी फुगत नाही, आणि चुकून दोन जोड उघडे पडलेच तरी एकमेकांना भेटत नाहीत.

नुसत्या सोललेल्या वायरी कापल्या नाहीत. तांबं शाबूत असेल तर कापून जोड देणं म्हणजे विनाकारण एक कमकुवत जागा तयार करणं. पुसून, सुकवून, सिलिकॉन टेप दुप्पट ताणून अर्ध्यावर अर्धा वेढा देत गुंडाळली. तिला गोंद नसतो. थर एकमेकांत मिसळून अख्खी नळी होते. कापल्याशिवाय निघत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पंख्याची वायर. आजचा सगळा दिवस हिलाच.

मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की वाजतो) लावला: टिंग. रोध ०.३ ओहम. मीटरच्या दोन सळया एकमेकींना टेकवल्या तरी ०.३. म्हणजे कागदावर वायर ठणठणीत. काका पायरीवर बसून बघत होते. “अरे, टिंग म्हणजे एक तार जरी लागली असली तरी वाजतं. भार टाक तिच्यावर.”

पंखा साधारण १० अँपिअर घेतो. समजा त्या पोकळ जागी ०.१ ओहमचा रोध आहे. मीटरला तो दिसणारच नाही, त्याच्या स्वतःच्या सळयांचा याहून जास्त आहे. पण १० अँपिअर गेले की तिथे १ व्होल्ट पडतो आणि १० वॅट उष्णता एका नखाएवढ्या जागेत निघते, प्लॅस्टिकच्या सालीच्या आत. वायरिंग अशाच जागी पेटतं.

तर पंख्याचा कपलर सोडवून त्यावर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावला. रिले (पंख्याचा विजेवर चालणारा स्विच) काढून त्याच्या सॉकेटात फ्यूज घातलेली जंपर वायर दिली. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, बल्बवर ११.५. दीड मीटर वायरीत ०.७ व्होल्ट गायब, तेही जेमतेम साडेचार अँपिअरवर. मग मीटरची एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवून दुसरी टाचणीने वायरीवरून पुढे पुढे नेली. दातांच्या खुणेच्या अलीकडे जवळपास शून्य, पलीकडे एकदम ०.६५. खुणेच्या जागी बोट लावलं तर कोमट.

साल चिरली. आत तांबं नव्हतंच म्हणायचं: देव्हाऱ्यातली न घासलेली पळी दिसते तसा हिरवा कळंक, आणि त्यात लोंबणाऱ्या दोन-चार तारा. दात कधीतरी गेल्या पावसाळ्यात लागले असावेत; भोकातून पाणी जाऊन बाकीचं वर्षभरात झालं. म्हणजे या गाडीत उंदीर नवा नाही, भाडेकरू जुना आहे.

हातभर वायर काढून २.५ चौरस मिलिमीटरचा नवा तुकडा, जाड जोड-नळे, तीच पद्धत. पुन्हा बल्ब: एकूण घट ०.०६ व्होल्ट. तांब्याचा रोध, लांबी आणि जाडी धरून गणित केलं तर ०.०५ यायला हवं. म्हणजे दोन्ही जोड मिळून जवळपास काहीच खात नाहीत. काका उठले, “आता पंखा लाव,” म्हणाले आणि जेवायला गेले.

हीच चाचणी मग हीटरच्या जोडावरही केली, फक्त बल्ब २१ वॅटचा, इंडिकेटरवाला. ठीक. सेन्सरांच्या वायरींना हे लागत नाही. तिथून मिलिअँपिअर जातात, बल्ब लावायचा तर उलट ईसीयूचंच वाटोळं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. भाऊ-बहिणी यायच्या आधी तासभर फक्त कापडी टेप आणि पाईप. पाईपची चीर खाली ठेवली, पाणी साचू नये म्हणून. एक्झॉस्टच्या बाजूला मूळ क्लिपा होत्या तिथेच बांधलं. टेप पूर्ण गुंडाळली नाही, पाईपवर थोड्या थोड्या अंतराने पट्ट्या मारल्या. पुन्हा उघडायची वेळ आली तर सोपं.

१० ऑगस्ट, रविवार

बॅटरी जोडली. किल्ली ऑन, स्टार्टर न मारता आधी लाइव्ह डेटा: हवेचं तापमान २९. सैबेरिया संपला. कोड पुसले, सुरू केली. पहिली काही सेकंद आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) वरखाली झाला, मग तिन्ही सिलिंडर एका लयीत. दिवा विझला. चार्जिंग १४.१ व्होल्ट. एसी लावून पंख्याची वायर हाताने चाचपली, गार.

गाडी बंद करून, दारं लावून, ईसीयू झोपेपर्यंत थांबून बॅटरीतून चोरटा प्रवाह मोजला: २० मिलिअँपिअरच्या आत. ५०पर्यंत चालतं. हे मुद्दाम मोजलं, कारण सोललेली एखादी वायर निसटली असती तर रात्रभरात बॅटरी उतरून तिनेच सांगितलं असतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आता उंदीर. सोसायटीत प्रत्येकाकडे उपाय आहे: तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, मिरचीपूड, कंपन करणारं यंत्र. वासाचे उपाय इंजिनच्या उष्णतेत थोड्या दिवसांत उडून जातात. होंडा परदेशात तिखटाचा अर्क लावलेली टेप विकते, कल्पना मला आवडली. विष मात्र नाही. विष खाल्लेला उंदीर मरायला ब्लोअरच्या नळीत जातो, आणि मग ती गाडी विकायचीसुद्धा पंचाईत. सोयाबीनपासून केलेल्या इन्सुलेशनमुळे उंदीर येतात, यावरून अमेरिकेत गाडी कंपन्यांवर दावेही झाले. पण सोयाबीनचा संबंध नसलेल्या जुन्या गाड्यांच्या वायरीही त्यांनी कधी सोडल्या नाहीत.

मला त्या तूप लावलेल्या पोळीत जास्त रस होता. ओल्या कचऱ्याचा डबा माझ्या पार्किंगपासून चार पावलांवर, झाकण मोडलेलं, आणि शेजारी कबुतरांना रोज दाणे. सचिवांना सांगून डबा गेटच्या बाजूला हलवून घेतला, झाकण नवं. दाण्यांवरून वाद झाला. एक आजोबा म्हणाले, “उंदराला मारू नका हो, गणपती तोंडावर आलाय, बाप्पाचं वाहन आहे ते.” म्हटलं, आजोबा, मारत कोणीच नाही, पण बाप्पाचं वाहन माझं वाहन खातंय. दाणे गच्चीवर टाकायचे ठरलं.

गाडीत: एअर फिल्टरच्या नाकाड्याला आतून स्टीलची जाळी (हवा अडणार नाही इतकी मोकळी), आणि बॉनेटचं कुरतडलेलं अस्तर काढूनच टाकलं. मोठ्या उंदरालाही सव्वा सेंटिमीटरची फट पुरते, त्यामुळे अख्खं इंजिन बंदिस्त करायच्या नादी लागलो नाही. दोन दिवसांआड गाडी हलवायची आणि अधूनमधून बॉनेट उघडून उजेड दाखवायचा.

२४ ऑगस्ट, रविवार

सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, येताना धायरीच्या ट्रॅफिकमध्ये पंखा भरपूर चालला. घरी येऊन लगेच बॉनेट उघडलं. जोड गार, टेप जागेवर, नवे कोड नाहीत. ऑक्सिजन सेन्सर हीटरची ओबीडीमधली तपासणी ‘पूर्ण’ दाखवते, म्हणजे ईसीयूने स्वतः चाचणी घेतलीय; आणि कोड आला नाही, म्हणजे पासही केलंय. नुसता दिवा विझण्यापेक्षा मला याचा भरवसा जास्त. आता पीयूसी करून घेता येईल.

वहीतलं चित्र नीट काढून, जोडांचे नंबर टाकून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं. पंख्याच्या वायरीला दसऱ्याच्या आधी पुन्हा एकदा बल्ब लावायचा. ०.०६चं ०.१ झालेलं दिसलं तर नळा कापून नवा.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात काल एक घूस सापडली. मांजराएवढी. आजोबांना कळवलेलं नाही.